ओळख दाखवा, मगच गाडी अडवा!



कापसाचा हंगाम लागला की आपल्या गाड्या रात्री रस्त्यावर येतात. खामगावच्या बाजारात नंबर लवकर लागावा म्हणून पिंपळगाव राजाची पिकअप पहाटेच्या अंधारातच निघते. कोणाच्या गाडीत कापूस, कोणाच्या ज्वारी, कोणाच्या बैलजोडी. परतताना खिशात चुकाऱ्याची रोकड. अशा वेळी एखादी पांढरी जीप आडवी येते. तिच्यावर ना पाटी, ना दिवा. साध्या कपड्यातले चार जण उतरतात आणि म्हणतात, "पोलीस आहोत, कागद काढ."

ड्रायव्हरने काय करावे? थांबला आणि ते दरोडेखोर निघाले, तर वर्षाची कमाई गेली. नाही थांबला आणि ते खरेच पोलीस निघाले, तर 'पळून जात होता' म्हणून गुन्हा दाखल. दोन्हीकडून मरण कास्तकाराचेच.

आपल्या गावात पूर्वी बहुरूपी यायचा. जमादाराचा वेश करून दारात दरडावायचा, 'चला ठाण्यात' म्हणायचा आणि शेवटी हसून बिदागी मागायचा. त्याचे सोंग होते, पण ते सोंग आहे हे तो शेवटी सांगत तरी होता. आजच्या तोतयाला सोंगासाठी वर्दीसुद्धा लागत नाही, कारण खरे पोलीसही वर्दीशिवाय रस्त्यावर उभे राहतात. खऱ्याने ओळख लपवली की खोट्याचे काम सोपे होते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याचा निकाल १७७६ साली लागला. अख्ख्या पेशवाईला एक तोतया निकालात काढायला वर्षे लागली. मग आमच्या ड्रायव्हरने अंधारात दोन मिनिटांत तो ओळखावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

कायदा आमच्या बाजूने बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०: मागितल्यावर ड्रायव्हरने लायसन्स दाखवायचे ते 'गणवेशातील' पोलिसाला. हा शब्द कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६ म्हणते की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच डी. के. बसू खटल्यात हे बजावले होते. तोतया पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. गाडीच्या काचेमागे 'पोलीस' अशी पाटी ठेवल्याने खासगी गाडी सरकारी होत नाही.

अडवणूक आम्हाला नवी नाही. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली. पुढे २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्याला दार उघडेपर्यंत स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. सीमेवर नाकी बसली होती. तो नाका जुलमी होता, पण तो दिसत तरी होता. त्याच्यासमोर हजार शेतकऱ्यांना बसता येत होते, साहेबाचे नाव घेऊन जाब विचारता येत होता. बिनपाटीच्या गाडीसमोर सत्याग्रह कसा करायचा? तक्रारीत नाव कोणाचे लिहायचे? नाव नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे जबाबदारी नाही. कुंपणच शेत खाते आणि वर कुंपण कोणाचे तेही कळत नाही!

साहेब म्हणतील, वर्दी पाहून चोर सावध होतो. कबूल. पाळत ठेवायची तर खुशाल साध्या वेशात ठेवा. पण गाडी अडवायची तर वर्दीतला माणूस पुढे करा. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये नोकरीतल्या पोलिसानेच आपले ओळखपत्र दाखवून एका तरुणीला भाड्याच्या गाडीत बसवले आणि तिचा खून केला. त्यानंतर तिथल्या पोलीस खात्याने ठरवले की, एकट्या बाईला थांबवणाऱ्या साध्या वेशातल्या पोलिसाने तिला नियंत्रण कक्षातल्या वर्दीधारी अधिकाऱ्याशी व्हिडिओवर बोलू द्यायचे. म्हणजे नुसते कार्डही पुरेसे नाही, हे त्यांना कळले. आपल्या सरकारला कळायला किती बळी हवेत?

तोवर आपण काय करायचे, ते प्रत्येक ड्रायव्हरला समजावून सांगा:

समोर वर्दी आणि सरकारी गाडी दिसली तर लगेच थांबा. वाद घालू नका, कागद दाखवा. डिजिलॉकरमधले कागदही चालतात.

वर्दी दिसत नसेल तर पळू नका आणि अंधारातही थांबू नका. वेग कमी करा, चारही इंडिकेटर लावा, ११२ ला फोन करून गाडीचा नंबर आणि ठिकाण सांगा. ढाबा, पेट्रोल पंप किंवा पोलीस ठाणे, जे जवळ असेल तिथे उजेडात गाडी उभी करा.

रस्ताच अडवला असेल तर दारे आतून लावा, काच बोटभर उघडा, ओळखपत्र मागा. नाव आणि ठाणे ११२ वरून पडताळून घ्या.

पावतीशिवाय पैसा देऊ नका. कागद ठेवून घेतले तर पोच मागा. शिवीगाळ नको, गाडी अंगावर घालणे तर मुळीच नको. आपण कायद्याने चालतो, म्हणूनच त्यांना कायदा विचारू शकतो.

आणि सरकारकडे आमची मागणी: साध्या वेशातल्या पथकाने रात्री मालाची गाडी अडवताना सोबत वर्दीतला अधिकारी असलाच पाहिजे. अडवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठाण्याच्या डायरीत झाली पाहिजे आणि तिची नक्कल ड्रायव्हरला मिळाली पाहिजे.

हा ठराव प्रत्येक गावाने जिल्हा बैठकीत आणावा. आमच्या मालाला बिल्टी लागते, गाडीला नंबर लागतो, ड्रायव्हरला लायसन्स लागते. मग अडवणाऱ्यालाही नाव लागलेच पाहिजे!