अग्निकुमाराला राक्षस करू नका



मोक्षसप्तमीच्या नाटिकेची तालीम सुरू झाली आणि आमच्याकडे वाद झाला. त्या वादात मीही होते, त्यामुळे ही एका बाजूचीच बाई बोलते आहे असे समजून वाचा.

माझ्या धाकट्याला अग्निकुमार देवाचे काम मिळाले होते. सम्मेदशिखरावर पार्श्वप्रभूंचे निर्वाण होते, देव जमतात आणि अग्निकुमार आपल्या मुकुटातल्या अग्नीने अंतिम संस्कार करतो. दोन मिनिटांचे काम, एकही संवाद नाही. तरी एक ताई म्हणाल्या, "आग लावणारा कशाला दाखवायचा? अग्निकायिक जीवांची हिंसा ना ती!" दुसऱ्या म्हणाल्या, "अग्निदेव आपला नव्हेच." शेवटी तडजोड काय निघाली, तर त्याच्या तोंडाला लाल रंग फासायचा, हातात मशाल द्यायची आणि त्याने गडगडाटी हसायचे. म्हणजे ठेवायचा तर राक्षस करून ठेवायचा.

मला हे मान्य नाही.

अग्निकुमार हा भवनवासी देवांच्या १० प्रकारांपैकी एक. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात नागकुमार, विद्युत्कुमार यांच्या रांगेत त्याचे नाव आहे. आपल्यासारखाच संसारी जीव. तो प्रसन्न होऊन कोणाला मोक्ष देत नाही आणि कोपून नरकातही टाकत नाही. तो आपला आराध्य नाही हे त्या ताईंचे म्हणणे बरोबरच आहे. पण आराध्य नाही म्हणून दुष्ट, हे कुठून आले?

आणि अग्नीबद्दल म्हणाल, तर आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. गृहस्थाच्या विधीत ते तीन अग्नी सांगतात, आणि लगेच बजावतात की अग्नी स्वतःहून पवित्र नाही आणि देवताही नाही. अर्हंतांच्या पूजेशी संबंध आला म्हणून तो पवित्र मानायचा. म्हणजे अग्नी चांगलाही नाही, वाईटही नाही. हे लिहिणारे आचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू, नवव्या शतकातले. वेरूळची आपली लेणीही साधारण त्याच राष्ट्रकूट काळातली.

आता वेरूळलाच चला. ३० ते ३४ क्रमांकाच्या लेण्यांत पार्श्वप्रभू पुन्हा पुन्हा भेटतात. प्रभू खड्गासनात उभे, डोक्यावर नागफणा, पद्मावतीने धरलेले छत्र, आणि भोवती सिंहावर, रेड्यावर बसून अंगावर येणारे उपसर्गकर्ते. क्रोध कुठे दाखवायचा हे त्या शिल्पकाराला नेमके कळले होते. जिनसेनांनीही पार्श्वाभ्युदयात हाच उपसर्ग रंगवला आहे. तेव्हा गडगडाटी हसू कोणाला द्यायचेच असेल तर कमठाला द्या, त्याला ते शोभेल.

त्या कमठाची आधीची गोष्ट तर आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. तापस पंचाग्नी तप करतो आहे, लाकडात नागांची जोडी आहे, आणि राजकुमार पार्श्व त्याला थांबवतात. दोष त्यांनी कोणाला दिला? विस्तवाला नाही. लाकडात काय आहे ते न पाहता तप मिरवणाऱ्याला दिला.

अग्नीत जीव आहेत हे मी नाकारत नाही. म्हणूनच विचारते, आपण रोज काय करतो? सकाळी गॅस पेटवतो, पाणी उकळतो, अंथऊसाठी सूर्यास्ताच्या आत दुसऱ्यांदा पेटवतो. बर्नर आधी पुसतो, मुंगी नाही ना बघतो, काम झाले की लगेच बंद करतो, आणि प्रतिक्रमणात त्या जीवांची क्षमा मागतो. बाईला विस्तव शांतपणे हाताळता येतो, कारण तिला त्याचा राग नसतो आणि भक्तीही नसते. आता जरा बोचेल असे बोलते. ज्या मंडळात अग्निकुमाराच्या हिंसेची चिंता झाली, तिथेच आरतीचे दिवे उघडे असतात आणि पावसाळ्यात भोवती पाखरे पडलेली असतात. काचेच्या चिमण्या आणा, असे मी दोन वर्षे सांगते आहे.

मुलाला मी एवढेच सांगितले: तुला कोणाला जाळायचे नाही. प्रभू तर सिद्धशिलेवर गेले, मागे उरलेल्या देहाची तू सेवा करतो आहेस. हळू चालायचे, तीन प्रदक्षिणा घालायच्या, वाकून मुकुट टेकवायचा आणि बाजूला हात जोडून उभे राहायचे. त्याने विचारले, "मग मी चांगला की वाईट?" मी म्हटले, "तू कामाला आलेला आहेस." त्याला ते पटले. मोठ्यांचे अजून चालू आहे.

मुकुट मी पुठ्ठ्याचा केला आहे, ज्योत नारिंगी जिलेटीन कागदाची. मशाल आणि लाल रंगाची डबी परत पाठवली.