न घडलेला इतिहास आणि त्याचे वाचक

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे इतिहासाच्या प्राध्यापकांनी कितीही वेळा बजावले तरी मराठी माणसाने ते फारसे मनावर घेतलेले नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, थोरल्या माधवरावांना आणखी वीस वर्षांचे आयुष्य लाभते तर, हे प्रश्न कचेरीत, पारावर आणि लोकलच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या चघळले गेले आहेत. डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ह्याच प्रश्नाला विज्ञानाची बैठक दिली. विश्वासरावांची गोळी हुकते, मराठे पानिपत जिंकतात आणि आपले गंगाधरपंत ज्या मुंबईत जाऊन पोचतात तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून संपलेला नसतो. ही कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली, तेव्हा देशभरच्या मुलांना पानिपताची ही दुसरी बाजू कळली. सांगावयाचा मुद्दा इतकाच की, पर्यायी इतिहासाची आवड ही परकी वस्तू नव्हे.

तथापि या आवडीचे सर्वांत ठळक उदाहरण पाहावयाचे असेल तर अमेरिकेत १९८६-८७ साली बारा अंकांत प्रसिद्ध झालेल्या ‘वॉचमेन’ या विज्ञान-चित्रकथामालेकडे वळले पाहिजे. (आपल्याकडे या शब्दाने सोसायटीच्या दारावरचा गुरखा डोळ्यांपुढे येतो, आणि राखणदारांवर राखण कोणी ठेवावयाची, ही जी जुनी रोमन शंका त्या नावामागे आहे ती आपल्या सोसायट्यांनाही अगदीच अपरिचित नाही.) लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, रंगयोजना जॉन हिगिन्स यांची. तिघेही इंग्रज, पण कथा अमेरिकेची आणि प्रकाशक न्यूयॉर्कची डीसी कॉमिक्स ही कंपनी. चित्रकथा म्हणजे पोरासोरांचे वाचन, अशी समजूत तिकडेही दृढ होती. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००५ साली १९२३ नंतरच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तीत या चित्रकथेला जागा मिळाली. त्याआधी १९८८ साली विज्ञानसाहित्याचा ह्यूगो पुरस्कारही तिला लाभला होता. आज जवळजवळ चार दशके उलटल्यावरही तिचा वाचक ओसरलेला नाही. हा उत्साह कशाचा, आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे दोन प्रश्न अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला पडावेत यात नवल नाही.

कथेतील कल्पना थोडक्यात अशी. १९५९ साली एका प्रयोगशाळेतील अपघातात एक पदार्थवैज्ञानिक भस्म होतो आणि पुढे अलौकिक शक्तीचा ‘डॉ. मॅनहटन’ होऊन परततो. अणुरेणूंवर त्याची सत्ता चालते. एवढा एकच फरक केल्यावर पुढचे सारे बदलत जाते. अमेरिका व्हिएतनामचे युद्ध जिंकते आणि व्हिएतनाम हे तिचे एकावन्नावे राज्य होते. वॉटरगेटचे प्रकरण उजेडात येत नाही. अध्यक्षाच्या कारकीर्दीवरील मर्यादा उठते आणि १९८५ सालीही रिचर्ड निक्सन सत्तेवरच असतात. दुसऱ्या बाजूला रशियाची भीती कमी न होता वाढते व जग अणुयुद्धाच्या काठावर येऊन उभे राहते.

हे झाले राजकारण. माझ्या मते वाचकाला खिळवून ठेवते ते याच्या पलीकडचे, अगदी बारीकसारीक अर्थकारण. डॉ. मॅनहटनला लिथियम हवे तितके निर्माण करता येते; म्हणून त्या न्यूयॉर्कमध्ये विजेच्या मोटारी सर्रास धावतात आणि त्यांना वीज पुरविणारे खांब रस्त्याच्या कडेला असतात. त्यामुळे एका वृद्ध, निवृत्त वीराच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानाला काय अवकळा येते, हेही चित्रकार दाखवितो. त्याच्या पाटीवर आम्ही कालबाह्य गाड्यांची दुरुस्ती विशेष करतो अशा अर्थाचा मजकूर आहे. या पाटीसाठी कोणी भाषण करीत नाही, ती नुसती मागे दिसते. ज्यांच्या शहरात गिरण्यांच्या चिमण्या थंड झाल्या त्यांना ती पाटी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तसेच, ज्या जगात मुखवटेधारी वीर खरोखरच रस्त्यावर हिंडले, त्या जगात त्यांच्या चित्रकथा कोण विकत घेणार? म्हणून तेथे चाच्यांच्या चित्रकथांचा बाजार तेजीत आहे. कोपऱ्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याशेजारी बसून एक पोरगा ती चित्रकथा फुकट वाचीत असतो आणि विक्रेता त्याच्यापाशी जगाच्या भवितव्याची चर्चा करीत असतो. पर्यायी वस्तूंची मागणी हा विषय मी वर्गात आलेख काढून शिकवितो. येथे तो एका पोराच्या हातातील पुस्तकाने शिकविला आहे.

आम्हा अर्थशास्त्रज्ञांचे एक आवडते वाक्य आहे : ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास.’ भाव वाढला तर मागणी घटते, इतर परिस्थिती कायम राहिल्यास. पर्यायी इतिहासाची सारी गंमत इतर परिस्थिती कायम राहत नाही यातच आहे. आणि गंभीर विद्वानांनी हा खेळ वर्ज्य मानला आहे असेही नाही. रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा प्रश्न घेतला की, अमेरिकेत रेल्वे आलीच नसती तर १८९० साली त्या देशाचे आर्थिक चित्र कसे असते? कालवे, नद्या व घोडागाड्या यांवरून धान्य आणि मांस वाहून नेण्याचा खर्च त्यांनी मांडला आणि निष्कर्ष काढला की, रेल्वेमुळे झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या काही टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. रेल्वेनेच अमेरिका घडविली, या रूढ समजुतीला त्याने मोठा धक्का बसला. वाद पुष्कळ झाला व तो योग्यच होता. पण १९९३ साली डग्लस नॉर्थ यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ‘जर-तर’ला स्थान नाही हा नियम निदान स्टॉकहोमला मान्य नसावा.

न घडलेली गोष्ट मांडल्यावाचून घडलेल्या गोष्टीचे मोल ठरत नाही, हे ज्याला पटले तो वाचक ‘वॉचमेन’कडे वारंवार का वळतो हे समजणे कठीण नाही. वाचकाला त्यात पदोपदी ताळा करावयाचा असतो : हे खरे घडले, हे घडले नाही, आणि जे घडले नाही ते कशामुळे नाही? मालेच्या अंकांत जाहिराती नव्हत्या. शेवटच्या पानांवर त्या काल्पनिक जगातील आत्मचरित्राची प्रकरणे, अहवाल, वृत्तपत्रांतील कात्रणे छापली जात. इतर चित्रकथांत तेथे वाचकांची पत्रे असत. पत्रांची जागा अशी कागदपत्रांनी घेतली, तरी वाचकाची कोणतीही तक्रार झाली नाही. उलट तो त्या कागदपत्रांतील तारखा मुख्य कथेशी ताडून पाहू लागला. आपला वाचक कारकुनी चिकाटीचा आहे हे लेखकाने ओळखले होते.

आता दुसरा प्रश्न. या उत्साहाचा लाभ कोणाला झाला?

अमेरिकेतील चित्रकथांच्या धंद्याची परंपरा फार उदार नाही. जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ साली १३० डॉलरना विकले. त्या पात्रावर कोट्यवधींची उलाढाल झाली आणि निर्मात्यांना १९७५ साली, पुष्कळ आरडाओरडा झाल्यावर, वार्षिक वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले. या पार्श्वभूमीवर मूर आणि गिबन्स यांना मिळालेला करार चांगला वाटावा असाच होता. पुस्तक छपाईबाहेर जाऊन एक वर्ष उलटले की मालकी निर्मात्यांकडे परत यावी, अशी त्यात तरतूद होती. त्या काळात चित्रकथेच्या अंकाचे आयुष्य महिन्याभराचे असे. ती पुस्तकरूपाने वर्षानुवर्षे छापीत राहण्याची चाल जवळजवळ नव्हतीच. तेव्हा वर्ष-दोन वर्षांत हक्क आपल्याकडे येतील, असा मूर यांचा समज होणे अगदी स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात १९८७ साली बारा अंकांचे एकत्रित पुस्तक निघाले, ते खपले आणि खपतच राहिले. पुस्तक छपाईबाहेर गेले नाही, म्हणून हक्क परत आले नाहीत. म्हणजे ज्या वाचकांनी प्रेमाने प्रती घेतल्या, मित्रांना घ्यावयास लावल्या, त्यांच्या प्रत्येक खरेदीने निर्मात्यांची मालकी आणखी दूर ढकलली. पुस्तक पडले असते तर ते लेखकाचे झाले असते. गाजले म्हणून कंपनीचे राहिले. रॉयल्टी मिळत राहिली हे मान्य केले पाहिजे. परंतु रॉयल्टी म्हणजे मालकी नव्हे. कुळाला पिकाचा वाटा मिळतो म्हणून सातबाऱ्यावर त्याचे नाव चढत नाही. त्यातच त्या मालेतील रक्ताचा ओघळ असलेल्या हसऱ्या चेहऱ्याचे बिल्ले कंपनीने विकले व ते प्रसिद्धीसाहित्य ठरविले. त्यावर वाटा देय होत नाही असा तो हिशेब होता. मूर यांनी कंपनीशी संबंध तोडला. २००९ साली चित्रपट आला, तेव्हा त्यांनी आपले नाव घालू दिले नाही व आपल्या वाट्याचे पैसे गिबन्स यांना द्यावयास सांगितले.

कंपनीची बाजूही विचारात घ्यावी. तिने कराराचा भंग केला असे नाही. चालणारे पुस्तक केवळ हक्क परत जावेत म्हणून छापणे थांबवावे, अशी अपेक्षा कोणत्याही व्यापाऱ्याकडून करता येणार नाही. शिवाय मूर यांच्या मूळ आराखड्यात चार्ल्टन या दुसऱ्या कंपनीकडून डीसीने विकत घेतलेली पात्रे होती. ती मोडून टाकली जातील म्हणून संपादकांनी नवी पात्रे निर्मावयास सांगितली, आणि त्या नव्या पात्रांवर जुन्यांची छाया आहे हे कोणीही सांगू शकेल. दुसऱ्याची पात्रे वापरण्यास निघालेल्या लेखकाने पुढे आपल्या पात्रांच्या वापराला हरकत घ्यावी, यात विसंगती आहे असे म्हणणारे वाचक आहेत. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. चार्ल्टनची पात्रे कोणाच्या भरवशावर विकली गेली नव्हती. येथे परतीचे आश्वासन दिले गेले होते आणि दोन्ही पक्षांनी ते ज्या परिस्थितीत दिले-घेतले ती परिस्थिती पुस्तकाच्या यशानेच नाहीशी केली. भविष्यातील प्रत्येक शक्यता करारात लिहिता येत नाही. जी लिहिली जात नाही तिचा फायदा सामान्यतः ज्याच्या हाती छापखाना आहे त्याला मिळतो.

२०१२ साली कंपनीने निर्मात्याच्या विरोधाला न जुमानता पूर्वकथांच्या माला काढल्या. २०१७ पासून ‘डूम्सडे क्लॉक’ ही माला निघाली. वाचकांत तट पडले. काहींनी हात लावणार नाही असे म्हटले, तरी अंक विकले गेले. त्यांतील बऱ्याच गोष्टी मूळ कथेच्या सावलीतून बाहेर येत नाहीत. याला अपवाद २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेचा. तिची सुरुवात १९२१ सालच्या टल्सा शहरातील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने होते. हा प्रसंग कल्पित नव्हे, खरा आहे. आणि अनेक अमेरिकन प्रेक्षकांना तो या मालिकेमुळे प्रथमच कळला. न घडलेल्या इतिहासाने घडलेला आणि दडपलेला इतिहास पुढे आणावा, हे या प्रकाराचे मोठे यश मानावे लागेल. तेही मूर यांच्या संमतीवाचून मिळाले, ही अडचण आहेच.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्याकडे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांतूनच बहुतेक लेखक येतात व त्यांतील कित्येक जण छापील कागदावर न वाचता सही करतात. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा त्यांना वाटतो तितका कोरडा नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये असे घातले आहे की, हक्क किती मुदतीसाठी दिले हे लेखी नमूद नसेल तर ती मुदत पाच वर्षे समजावी. आणि घेणाऱ्याने वर्षाच्या आत ते हक्क वापरले नाहीत तर, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, हस्तांतरण संपुष्टात येते. मुदत आकड्यांत लिहिलेली असणे हाच यातला मुख्य भाग आहे. ‘पुस्तक छपाईबाहेर गेल्यावर’ ही अट १९८६ साली निदान अर्थपूर्ण तरी होती. आता संगणकीय प्रत कायम विक्रीस ठेवता येते आणि मागणी येताच एकेक प्रत छापून देता येते. अशा काळात कोणतेही पुस्तक छपाईबाहेर जाण्याचे कारणच उरत नाही. नवोदित लेखकापुढे येणाऱ्या करारात हे शब्द असतील तर त्यांच्या जागी वर्षांचा आकडा घालून मागावा. प्रकाशक नाही म्हणेल, पण निदान नाही म्हणताना त्याला कारण द्यावे लागेल.

‘वॉचमेन’चे ते एकत्रित पुस्तक आजही छापले जाते व दुकानांतून मिळते. परतीची अट अद्याप पुरी झालेली नाही.