जबरानजोतदार म्हणजे चोर काय?

नागपूर प्रांतात जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न आमच्या शेतकरी बांधवांस नवा नाही. इ. स. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले व 1854 साली इंग्रजांनी राज्य खालसा केले. भोसल्यांच्या अमलात गावचा पाटील सरकारासाठी सारा गोळा करी; जमीन काही त्याच्या बापाची नव्हती. परंतु 1860 नंतर इंग्रजांनी जमाबंदी केली, तेव्हा या वसूल करणारासच मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरविले. ज्यांनी झाडोरा तोडला, दगडगोटे वेचले, बांध घातले, ते लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी त्याची कुळे झाले! थोड्या जुन्या वहिवाटदारांचा हक्क मात्र सरकारास मानावा लागला. त्यांस मलिक-मकबुजा म्हणत. आपल्या शेतापुरते ते धनी, पण सारा मालगुजाराच्या हाती द्यावयाचा. बाकीच्यांच्या रक्षणासाठी 1883 व 1898 साली कुळकायदे करावे लागले, यावरूनच त्यांची काय दशा झाली असेल हे वाचकांनी ओळखावे.

1951 साली मालगुजारी गेली. पडीक व झुडपी जमिनी सरकारजमा झाल्या आणि त्यांवर नांगर धरणारा गरीब 'जबरानजोतदार' ठरला. ज्याने कधी नांगर धरला नाही त्यास पूर्वी सनद मिळाली; जो पिढ्यान् पिढ्या नांगर धरून आहे तो अतिक्रमण करणारा! हा न्याय आम्हांस तरी कळत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने ही चूक काही अंशी सुधारली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस हक्क मिळतो. पण त्याच्याच शिवेवरच्या गोवारी, ढिवर, तेली, कुणब्याने तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्या काळी दप्तर कोणाच्या हाती होते? मालगुजाराच्या व पटवाऱ्याच्या. त्यांनी गरिबाच्या आजोबाचे नाव कशास लिहून ठेवावे?

झुडपी जमिनीचेही तेच. ती वनच आहे, असे सुप्रीम कोर्टाने 22 मे 2025 रोजी ठरविले आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांस केंद्राची मंजुरी आणण्याचे काम राज्य सरकारवर सोपविले. ज्यांस वाटपाचा कागद मिळाला त्यांची सोय झाली. ज्यांस कागद कधी दिलाच नाही, त्यांचे काय? सरकारने याचे उत्तर द्यावे.

वनहक्काचा दावा करणाऱ्या बांधवांनी मात्र कचेरीतल्या कारकुनाच्या दरडावणीस भिऊ नये. अमुकच कागद आणा, असा हट्ट धरण्याची नियमांत मनाई आहे. गावातील म्हाताऱ्या माणसांची लेखी जबानी पुरावा म्हणून चालते. घातलेला बांध, सपाट केलेले शेत, जुनी विहीर, वाडवडिलांची मसणवट हीही चालतात. असे दोन पुरावे जोडून दावा ग्रामसभेपुढे ठेवावा. ग्रामसभेस घरच्या बायांनाही न्यावे, कारण लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. चार हेक्टरांपर्यंतची ही जमीन वारसाने मुलांकडे जाते. विकता येत नाही, म्हणून सावकारासही ती लाटता येत नाही.