खोलीची रुंदी कोणी ठरवली?

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली मराठी मुले आपला पत्ता सांगताना सहज ‘मुघल’ किंवा ‘झेन’ म्हणतात. नखील या कंपनीने उभारलेल्या या वसाहतीचे सहा भाग आहेत: झेन, मेडिटरेनियन, मेसोअमेरिकन, मुघल, कॅक्टस आणि कंटेम्पररी. शेजारच्या, २००५ साली उघडलेल्या इब्न बतूता मॉलमध्येही सहा दालने आहेत, अंदालुसियापासून चीनपर्यंत. त्यांतल्या भारताच्या दालनात मध्ययुगीन यंत्रकार अल-जझारीच्या हत्ती-घड्याळाची भलीमोठी प्रतिकृती उभी आहे. इतक्या देशांच्या वास्तुशैली या मुलांच्या रोजच्या जाण्यायेण्यात आहेत. मात्र त्या दर्शनी भागावर आणि बागांच्या मांडणीत आहेत. झेनमधले घर असो वा मुघलमधले, उन्हाळ्यात गारवा एसीच देतो. घर असेच का बांधले, हा प्रश्न मुलांना तिथे पडत नाही.

तो पडावा यासाठी दुबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या शाळांनी मिळून काही करावे, असे मला मनापासून वाटते. दोन देशांतल्या शाळांची देवाणघेवाण आज बहुधा व्हिडिओ कॉलवरच्या नाचगाण्यांपुरती किंवा बुर्ज खलिफाच्या सहलीपुरती उरते. त्याऐवजी दोन्हीकडच्या मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि त्यांना एकेका जुन्या वास्तूपुढे उभे करावे.

दुबईकडून सुरुवात अल फहीदीपासून करता येईल. डिस्कव्हरी गार्डन्सहून मेट्रोने बर दुबईला जायचे. दक्षिण इराणमधल्या बस्ताकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेली ही वस्ती. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, हलक्या आणि सच्छिद्र, म्हणून ऊन आत लवकर पोहोचत नाही. छपरावरचा बरजील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा, चारही बाजूंनी उघडा. आत फुलीच्या आकाराचा पडदा, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी खालच्या खोलीत उतरतो. आणि छताला चंदल, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आलेले कांदळाचे वासे. त्यांची लांबी बेताची, म्हणून खोल्या लांबट आणि अरुंद. घर बांधणाऱ्याची ऐपत कितीही असली तरी खोलीची रुंदी ठरवली आफ्रिकेतल्या झाडाने. दारांचे सागवान मात्र हिंदुस्थानातून येई, आणि इथले मोती मुंबईच्या बाजारात जात. १९६६ पर्यंत इथे व्यवहारही रुपयातच चालत.

आता पुण्यात या. वाड्याचे मोजमाप खणांत होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि तेही तुळईला मिळणाऱ्या लाकडावरच ठरते. बाहेरून बंदिस्त भिंत, आत चौक. आल्यागेल्याला ओसरीवर किंवा सोप्यात बसवायचे, माजघर घरच्यांचे. अल फहीदीतली मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठकही, दाराजवळच असते, पाहुण्याची पावले आतल्या अंगणापर्यंत जात नाहीत. दोन समाजांची ही सारखी समज मुलांना पुस्तकातून सांगावी लागणार नाही, नकाशा काढता काढता त्यांनाच दिसेल. फरकही दिसेल: चौकातून पावसाचे पाणी वाहून न्यायचे असते, तर अल फहीदीतल्या छपराची सारी धडपड वाऱ्यासाठी.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो शिक्षणाच्या दोन वास्तूंचा. दुबईत खाडीपलीकडे, एक दिरहम देऊन अब्रा या होडीने गेले की अल रासमध्ये अल अहमदिया आहे. मोत्यांचे व्यापारी अहमद बिन दलमूक यांच्या पुढाकाराने १९१२ साली सुरू झालेली, दुबईतली पहिली नियमित शाळा मानली जाते ती. पुण्यात विश्रामबागवाडा, जिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे त्यातूनच डेक्कन कॉलेज घडले. मुले कुठे बसत, उजेड कुठून येई, शिक्षकाची जागा कोणती, हे दोन्हीकडच्या सातवी-आठवीच्या मुलांनी मोजून एकमेकांना पाठवावे. मुलांना शाळेची इमारत वाचता येते, कारण दिवसाचा मोठा भाग ती तिथेच घालवतात.

वेळापत्रक आड येईल, असे शिक्षक म्हणतील. उलट ते सोयीचे आहे. अमिरातीतल्या भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी, आणि त्या महिन्यांत मराठी कुटुंबे गावी येतातच. महाराष्ट्रातल्या शाळा तेव्हा भरलेल्या असतात आणि वाड्याचा चौक पावसात काय करतो ते पाहायला मिळते. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातली ज्यांना जमेल ती मुले दुबईला जावीत. उकाडा तोवर ओसरू लागलेला असतो. ज्यांना विमानाचे तिकीट परवडणार नाही त्यांना वगळून हा उपक्रम करू नये. म्हणून आराखडे पाठवणे हा त्याचा कणा असावा आणि प्रवास ही जोड.

आणि हे आराखडे वहीत राहू देऊ नयेत. अल फहीदीचा मोठा भाग १९८० च्या दशकापर्यंत पाडला गेला होता. उरलेला वाचला, कारण तिथे राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने आवाज उठवला आणि १९८९ मध्ये दुबईला आलेले ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी ती वस्ती जपण्याचा आग्रह धरला. पुण्याच्या पेठांत वाडे अजूनही पडत आहेत, आणि अनेकांचा साधा नकाशाही मागे राहत नाही. मुलांनी मोजलेल्या प्रत्येक वाड्याच्या आराखड्याची एक प्रत मालकाला आणि एक महापालिकेच्या वारसा विभागाला द्यावी, तारीख आणि शाळेचे नाव घालून.