स्वस्त चांदीचा महागडा मोह

ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने जागतिक बाजारात औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीच्या काळात आणि पुन्हा एप्रिल २०११ मध्ये चांदी याच उंबरठ्यावरून माघारी फिरली होती. यावेळी तो उंबरठा पार झाला. २०२५ च्या आरंभी भारतात किलोला ९० हजार रुपयांच्या आसपास असलेला भाव त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये २ लाखांच्या पुढे गेला. सोने आवाक्याबाहेर गेल्यावर चांदीकडे वळणाऱ्या मध्यमवर्गाला आता चांदीही हातची सुटते की काय, अशी धास्ती वाटू लागली.

त्यातच दिवाळीच्या तोंडावर चांदीची टंचाई निर्माण झाली. आयात भावावर मोठे अधिमूल्य द्यावे लागत होते आणि काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी नवी गुंतवणूक स्वीकारणे तात्पुरते थांबविले. पेढीवर माल नाही आणि भाव तर चढतो आहे, अशा वेळी ओळखीच्या ओळखीतून किंवा फोनवरील जाहिरातीतून ‘घरची वीट आहे, बिलाशिवाय देतो’ असे सांगणारा माणूस भेटला, तर त्याचे बोलणे गोड वाटणे स्वाभाविक आहे. अशा व्यवहारात सामान्य कुटुंबाने काय पाहावे आणि शासनाने काय करावे, याचा विचार म्हणूनच आवश्यक झाला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःच्या मालकीची चांदी विकणे हा गुन्हा नव्हे. विकणाऱ्याची गरजही खरी असू शकते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निर्देशांनुसार चांदीच्या दागिन्यांवर आणि मर्यादित वजनाच्या नाण्यांवर कर्ज मिळू शकते, विटांवर मात्र नाही. म्हणजे ज्याच्याजवळ केवळ वीट आहे, त्याला अडचणीच्या वेळी ती विकण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. तेव्हा प्रत्येक अनोळखी विक्रेता भामटाच असतो असे नाही. प्रश्न असा, की खरा गरजवंत आणि भामटा यांतील फरक ओळखायचा कसा?

भावातच उत्तर दडलेले असते

याचे पहिले उत्तर भावाच्या साध्या गणितात आहे. किलोला २ लाख रुपये भाव धरला, तर पेढीवर वीट घेताना त्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ६ हजार रुपये अधिक मोजावे लागतात. तीच वीट आपण सराफाला विकायला नेली, तर तो आपली घट आणि नफा धरून बाजारभावापेक्षा काही कमी रक्कम देतो. प्रामाणिक खासगी व्यवहाराची जागा या दोन रकमांच्या मध्ये असते. घेणाऱ्याचा कर वाचतो, देणाऱ्याला सराफापेक्षा चार पैसे जास्त मिळतात आणि दोघांचेही भले होते.

पण कोणी तीच वीट दीड लाखात देऊ करीत असेल, तर एकच प्रश्न विचारावा. रस्त्यापलीकडचा सराफ याहून अधिक पैसे देत असताना हा गृहस्थ आपल्यावर एवढा उदार का? याचे पटणारे उत्तर बहुधा नसते. एक तर माल खोटा असतो, नाही तर तो चोरीचा असतो, नाही तर मालच नसतो आणि गिऱ्हाइकाच्या खिशातील रोकड एवढाच त्या भेटीचा हेतू असतो. सराफ जे प्रश्न विचारील ते टाळण्याची किंमत म्हणजे ही सूट, हे ध्यानात घेतले तर निम्मे धोके घरबसल्या टळतात.

‘जमिनीत सापडलेले’ धन

स्वस्त सोन्याचे आमिष दाखवून गिऱ्हाइकाला आडबाजूला बोलवायचे आणि तेथे टोळीने लुटायचे, हा प्रकार महाराष्ट्रातील पोलिसांना नवा नाही. त्याची रीत ठरलेली असते. प्रथम एखादा छोटा तुकडा किंवा नाणे परीक्षेसाठी दिले जाते. ते अस्सल निघते. विश्वास बसला, की मोठ्या रकमेसह दूरच्या ठिकाणी बोलावणे येते. पाया खणताना हंडा सापडला, बोभाटा नको म्हणून स्वस्तात देतो, अशी कहाणी सोबत असते.

ही कहाणी खरी मानली तरी ती विक्रेत्याच्याच अंगावर येते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणजे कहाणी खोटी असेल तर फसवणूक आणि खरी असेल तर कायदेभंग.

चोरीच्या मालाचेही तसेच. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे तत्त्व असे, की विकणाऱ्याजवळ जी मालकी नाही ती विकत घेणाऱ्याकडे येऊ शकत नाही. पूर्ण किंमत मोजूनही वीट मूळ मालकाला परत जाऊ शकते आणि आपले पैसे बुडतात. शिवाय माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बाजारभावाहून फार कमी दर हे असे ‘कारण’ ठरू शकते, हे विसरता कामा नये.

कसोटी घरची आणि बाजारची

चांदीची परीक्षा हा अनुभवाचा प्रांत आहे. तरीही काही चाचण्या कोणालाही करता येतात. लोहचुंबकाला चिकटली तर ती चांदी नव्हे. पण चिकटली नाही म्हणजे चांदीच असेही नाही, कारण तांबे, शिसे आणि पितळही चिकटत नाही. ज्याला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्या तांबे, जस्त व निकेलच्या मिश्रणात तर नावापुरतीही चांदी नसते.

घनतेची चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे. त्यामुळे एक किलोची वीट सुमारे ९५ घनसेंटिमीटर पाणी सारते. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून, काटा शून्यावर आणून, दोऱ्याने टांगलेली वीट तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडविली, तर काट्यावर ९५ ग्रॅमच्या आसपास आकडा दिसावा. तांब्याची असेल तर तो ११२ च्या जवळ जाईल, शिशाची असेल तर ८८ च्या. मात्र शिसे आणि तांबे प्रमाणात मिसळून किंवा एकात एक भरूनही चांदीची घनता साधता येते. म्हणून या चाचणीत नापास झालेली वीट नाकारावी, पण उत्तीर्ण झालेली वीट लगेच खरी मानू नये.

यंत्रावर काढलेला टंचही निःशंक नसतो. क्ष-किरणांचे यंत्र धातूचा केवळ वरचा अतिशय पातळ थर वाचते. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. विटेच्या बाबतीत सुदैवाने एक सोपा उपाय आहे. दागिना तोडला तर कारागिरी वाया जाते, वीट कापली किंवा आटविली तर काहीच वाया जात नाही. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई कारागीर पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरले आहेत. अशा एखाद्या गलाईवाल्याकडे दोघांनी मिळून जावे, वीट मधोमध कापून किंवा आटवून टंच काढावा आणि निघालेल्या टंचावर किंमत ठरवावी. खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यावा. या सूचनेला जो विक्रेता नकार देतो, त्याने आपली परीक्षा स्वतःच दिली असे समजावे.

टंचातील फरक किरकोळ नसतो. ९९९ म्हणून सांगितलेली किलोची वीट ९२५ निघाली, तर २ लाखांच्या भावाने १४ हजार ८०० रुपयांचा फटका बसतो. जुन्या नाण्यांबाबतही सावध असावे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून मात्र रुपयात निम्मीच चांदी राहिली. ‘जुना चांदीचा रुपया’ या एकाच नावाखाली दोन्ही विकले जातात.

जागा, पैसे आणि कागद

व्यवहार दिवसा, वर्दळीच्या सराफ कट्ट्यावर, सोबत एक विश्वासू माणूस घेऊन करावा. घरी बोलावू नये आणि परक्या घरी जाऊ नये. ऐनवेळी जागा बदलली तर परत फिरावे. परीक्षा झालेली वीट पैसे देईपर्यंत नजरेआड होऊ देऊ नये, कारण अदलाबदल नेमकी तेव्हाच होते. आगाऊ रक्कम तर पाठवूच नये.

रोख रकमेबाबत एक बदल अनेकांच्या लक्षात आलेला नाही. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे आणि तेवढाच दंड स्वीकारणाऱ्यावर बसतो. चांदी ७० हजारांवर होती तेव्हा एका विटेला या नियमाचा स्पर्शही होत नव्हता. २ लाखांच्या भावाने एकच वीट त्या मर्यादेत येते. म्हणून बँकेतूनच आणि विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावरच पैसे द्यावेत. ‘मेहुण्याच्या खात्यावर टाका’ हे वाक्य आले की थांबावे. दोघांची नावे, ओळखपत्राची प्रत, वजन, टंच, विटेवरील क्रमांक, मूळ खरेदीची पावती आणि ‘हा माल माझ्या मालकीचा आहे’ असे सहीनिशी लिहून घ्यावे. धोका जाणवला तर ११२ आणि ऑनलाइन पैसे गेले तर तत्काळ १९३० हे क्रमांक लावावेत.

जबाबदारी केवळ ग्राहकाची नाही

एवढी सर्व दक्षता सामान्य माणसाने एकट्याने घ्यावी, ही अपेक्षा मात्र न्याय्य नाही. सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीच्या दागिन्यांना व वस्तूंना सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षरी ओळख क्रमांक देण्यास सुरुवात झाली. तो भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइल अॅपवर पडताळता येतो, पण ही व्यवस्था ऐच्छिक ठेवण्यात आली. चांदी गरिबाचे सोने आहे म्हणून तिला सैल नियम, असा हा उलटा न्याय आहे. ज्याच्याजवळ गमावण्यास थोडेच आहे, त्यालाच संरक्षण अधिक हवे.

खामगाव आणि हुपरीसारखी चांदीची नामांकित केंद्रे ज्या राज्यात आहेत, त्या राज्याने यात पुढाकार घ्यायला हरकत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ठरावीक शुल्कात दोन अनोळखी व्यक्तींना एकत्र येऊन टंच काढता येईल, प्रमाणित काट्यावर वजन करता येईल आणि त्याचा दाखला मिळेल, अशी सोय सराफ संघटनांच्या मदतीने उभारणे अशक्य नाही. त्यातून खऱ्या गरजवंत विक्रेत्यालाही रास्त भाव मिळेल. आज त्याला सराफाच्या मर्जीवर किंवा गिऱ्हाइकाच्या संशयावर अवलंबून राहावे लागते.

तोपर्यंत शहाणपण आपले आपणच बाळगले पाहिजे. भाव वाढत असताना प्रत्येकाला घाई असते आणि घाई हेच फसविणाऱ्याचे भांडवल असते. चांदी उद्याही मिळेल, कदाचित थोडी महाग मिळेल. पण मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षे साठविलेले पैसे एका दुपारी शिशाच्या विटेवर गेले, तर ते पुन्हा साठवायला आणखी दहा वर्षे लागतात.