नगरला जन्मलेला, पण कुठला म्हणायचा?

नगरचं नाव निघालं की बहुतेकांना भुईकोट किल्ला आठवतो. १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असताना पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. सिनेमाचा विषय निघाला तर शाहू मोडक आणि सदाशिव अमरापूरकर यांची नावं येतात. या यादीत आणखी एक नाव असायला हवं, पण ते नगरमध्ये फारसं कुणी घेत नाही. ते नाव म्हणजे स्पाइक मिलिगन.

१६ एप्रिल १९१८ रोजी तो नगरला जन्मला. वडील आयर्लंडचे, ब्रिटिश लष्करात नोकरीला, आणि आई इंग्लिश. बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनमध्ये गेलं. १९३० च्या दशकात हे कुटुंब लंडनला गेलं. दुसऱ्या महायुद्धात मिलिगन ब्रिटिश तोफखान्यात होता. इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याच्या मनावर झालेली जखम आयुष्यभर भरली नाही. नैराश्याचे झटके येत, दवाखान्यात राहावं लागे. याच माणसाने १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर 'द गून शो' चालवला. त्यातले बहुतेक भाग त्यानेच लिहिले. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम हे त्याचे साथीदार. बीटल्सचा जॉन लेनन आणि मॉन्टी पायथनची मंडळी याच कार्यक्रमावर वाढली. इंग्रजी विनोदाचं वळण बदलणारा माणूस आपल्या नगरचा होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

या कार्यक्रमात मिनी बॅनिस्टर नावाची एक म्हातारी असे. तिचा आवाज मिलिगनच काढायचा. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषाने स्त्रीपात्र रंगवण्याचं नवल वाटणार नाही. पण रेडिओवर लुगडं-दागिने नसतात, सगळा भार आवाजावर असतो. तो या नगरकराने पेलला.

आता कागदपत्रांची गोष्ट. १९६२ साली ब्रिटनने राष्ट्रकुल स्थलांतर कायदा केला. साम्राज्यातून येणाऱ्या माणसांना रोखण्यासाठी तो होता. या बदलात मिलिगनचाही हक्क अडचणीत आला, कारण वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि तो स्वतः हिंदुस्थानात. त्याने ब्रिटिश पासपोर्ट मागितला, तेव्हा राणीशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी लागेल असं सांगण्यात आलं. जो माणूस त्याच राजवटीसाठी युद्धात जखमी झाला, त्याला पुन्हा निष्ठा सिद्ध करायची होती. त्याने नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. २००१ साली ब्रिटनने त्याला नाइटहूड दिलं तेही मानद, कारण कागदोपत्री तो परकाच होता. २००२ साली तो वारला.

ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. जन्मगाव, बापाचं जन्मगाव, त्याचा दाखला आणि वर निष्ठेचा पुरावा, या चार गोष्टींचं ओझं काय असतं ते गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत कळलं आहे. त्यात आता नगर जिल्हाच अहिल्यानगर झाला. जुन्या दाखल्यावर एक नाव, नव्यावर दुसरं. माणूस तोच, माती तीच.

म्हणून असं वाटू शकतं की मिलिगन आपल्या बाजूचा. इथेच जरा थांबायला हवं. पासपोर्टच्या या प्रकरणाला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची, म्हणजे १९६९ सालची गोष्ट. 'करी अँड चिप्स' नावाच्या टीव्ही मालिकेत त्याने तोंडाला तपकिरी रंग फासला आणि कारखान्यात कामाला आलेला अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी माणूस उभा केला. इनॉक पॉवेलच्या स्थलांतरितांविरोधी भाषणाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सहा भागांनंतर मालिका बंद करावी लागली. १९७५ साली 'द मेल्टिंग पॉट'मध्ये तो पुन्हा चोरून देशात शिरलेला पाकिस्तानी झाला. त्याचा एकच भाग दाखवून बीबीसीने बाकीचे पेटीत ठेवले.

बचाव करणारे म्हणतात की हसू गोऱ्या वंशवाद्यांवर होतं, स्थलांतरितावर नव्हतं. लिहिणाऱ्यांच्या मनात तसं असेलही. पण विनोद मनात राहत नाही, तो रस्त्यावर येतो. ज्या शिव्या पडद्यावर हशा मिळवत होत्या, त्याच ब्रॅडफर्डच्या गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या मीरपुरी मजुराला दिवसाढवळ्या ऐकाव्या लागत होत्या. त्या मालिकेत स्वतःची बाजू मांडायला तो मजूर कुठे होता?

यावर कुणी म्हणेल, मग दुसऱ्या समाजाची भूमिका कुणी करूच नये का? तसं मला अजिबात वाटत नाही. याचं उत्तरही नगरमध्येच आहे. मिलिगनच्याच महिन्यात, एप्रिल १९१८ मध्ये, याच गावात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक जन्मले. त्यांनी पडद्यावर कित्येकदा कृष्ण साकारला आणि १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर. तो चेहरा महाराष्ट्राने भक्तिभावाने स्वीकारला. परक्याची भूमिका करणं हा गुन्हा नाही. त्या माणसाला जाणून घेण्यासाठी ती केली की त्याला सोंग बनवण्यासाठी, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडच्या नाटक-सिनेमातला मुसलमान आठवून पाहा. तो 'मेरेकू-तेरेकू' बोलला की हशा ठरलेला. तीच आपली दखनी. नगर ही निजामशाहीची राजधानी होती, म्हणजे त्या बोलीचं हे एक जुनं घर. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब याच बोलीत लिहायचे, लोक पोट धरून हसायचे आणि पुढच्याच क्षणी डोळे पुसायचे. बोली तीच, पण तिथे बोलणारा माणूस शहाणा असे. फरक बोलीत नाही, माइक कुणाच्या हातात आहे त्यात आहे.

ब्रिटनमध्येही फरक माइकने पडला. १९९६ साली बीबीसी रेडिओवर आणि १९९८ पासून टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आला. लिहिणारे, हसवणारे बहुतेक दक्षिण आशियाई वंशाचे. त्यात मीरा स्याल होत्या आणि मुंबईत पारशी घरात जन्मलेल्या नीना वाडिया होत्या. आपल्या आया-मावश्यांची थट्टा त्यांनी केली आणि गोऱ्यांचीही केली. पुढे याच नीना वाडियांनी 'ईस्टएंडर्स' या लोकप्रिय मालिकेत झैनब मसूद ही पाकिस्तानी घरातली बाई अनेक वर्षं रंगवली. ती तापट होती, हट्टी होती, हसवायची, रडवायचीही. पारशी बाईने केलेली ही मुसलमान बाई सोंग नव्हती, माणूस होती.

आता आपल्याकडे बोट वळवू. मराठीत अशी मुस्लिम विनोदी अभिनेत्री का दिसत नाही? निर्माते बोलावत नाहीत हे खरंच. पण मुलीने चारचौघांत लोकांना हसवावं हे आपल्या किती घरांना चालतं? लग्नघरात ढोलक घेऊन व्याह्यांची फिरकी घेणाऱ्या, नकला करून सगळ्यांना लोळवणाऱ्या फूफी-खाला प्रत्येक खानदानात असतात. ही कला दालनाच्या उंबऱ्याबाहेर आली की ती बेशरमी ठरते. आपलं सोंग दुसऱ्यांनी काढलं की आपण रागावतो, आणि आपल्यातली हसवणारी मात्र आत बसवून ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणार नाहीत.

नगरने मिलिगनची आठवण जरूर ठेवावी, रेडिओवरच्या प्रतिभेसह आणि तोंडाला फासलेल्या रंगासह. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या शबानाने एकपात्री करायचं म्हटलं, तर तिच्या अब्बांनी पहिल्या रांगेत जाऊन बसावं.