आदर कोणासाठी?

सुरतजवळचे कडोदरा हे कापडाच्या रंगाई-छपाईचे गाव. खानदेश, ओडिशा, बिहार येथील माणसे पोटासाठी तेथे येतात. तेथील एका कारखान्यात मला एक गोष्ट खटकली. मालक 'शेठ', देखरेख करणारे 'साहेब'. हाताखालचा कामगार मात्र नुसता 'ए'! वास्तविक गुजरातीत नावाला 'भाई' सहज जोडतात. मराठीत 'राव' आहे, आपल्या सीमाभागातील कन्नडात 'री' आहे. भाषा दरिद्री नाहीत. आपणच आदर वरच्यांसाठी राखून ठेवतो.

हा केवळ गोड बोलण्याचा प्रश्न नव्हे. तोंड उघडताच ज्याला शिवी मिळते, तो वाफेच्या यंत्रातील बिघाड दिसूनही गप्प राहतो. मग अपघाताची जबाबदारी कोणाची? यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले. जिभेला लगाम मात्र ज्याचा त्यानेच घालावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, उद्या आपण नोकरीवर रुजू व्हाल. पहिल्या दिवशी साहेबांना नमस्कार कराल, यात शंका नाही. पण हाताखालच्या माणसाचे नाव विचाराल का?